जिन्याखालची खोली

३ जानेवारी २०१६, रविवार

आज चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन आभार मानले. नाताळची सजावट, संडे स्कूलच्या पोरांचं नाटक, गीतफेरीचा चहा-फराळ, सगळं रिबकाताई भालेरावांनी एकटीनं ओढलं, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. पुरुषांच्या बाकांवर पुढं बसलेले शांतवन थोडे हसले. मंडळीचे सचिव आहेत, हसावं लागतं. (तोंडावर मी त्यांना अहो म्हणते. इथं नावानं लिहिणार.)

मी उभी राहिले, हात जोडले, आणि उभ्या उभ्याच एक गोष्ट ध्यानात आली. मी शेवटची एकटीनं प्रार्थना कधी केली ते मला आठवेना. जेवणाआधीची धरत नाही. घरसभेतली धरत नाही. गॅसजवळ उभं राहून 'प्रभू, अबीचा ताप उतरू दे' म्हणते, तीही नाही. मी आणि तो, मध्ये कुणी नाही, अशी.

लग्नाआधी जालन्याला असताना मी पहाटे क्वार्टरमागच्या कडुनिंबाखाली बसायचे. तेव्हा तो असायचा. कसा असायचा ते लिहिता येत नाही, पण असायचा. आता नसतो. मी देवाला विसरून गेले आणि मंडळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट टाळ्या पडल्या.

म्हणून ही डायरी काढली. शाळेत प्रकाशकाचा माणूस फुकट वाटून गेला होता.

९ जानेवारी, शनिवार

आठवडाभर करून पाहिलं. पहाटे उठायचं, तोंड धुवून हॉलमध्ये पवित्र शास्त्र घेऊन बसायचं.

पहिल्या दिवशी धाकट्या योनाला मोजा सापडेना. दुसऱ्या दिवशी थोरल्या अबीचं दहावीचं टेन्शन, तिला गणिताची वही तपासून हवी. तिसऱ्या दिवशी शांतवन सेकंड शिफ्ट करून उशिरा झोपलेले, तरी उठून आले आणि म्हणाले, "जागीच आहेस ना, मग चहा ठेव." मी म्हणाले, मी वाचत बसलेय. ते म्हणाले, "तेच म्हणतोय, बसलीच आहेस."

बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, हा आमच्या घराचा नियम आहे. झोपले असते तर कुणी हाक मारली नसती.

१७ जानेवारी, रविवार

सासूबाईंना आणलं. वैजापूरकडच्या गावी त्या एकट्याच राहतात, पण विहीर दिवाळीतच आटली आणि आता दीड कोसावरून पाणी आणणं त्यांच्यानं होत नाही. शांतवन टेम्पो घेऊन गेले आणि आई, दोन गोधड्या, पत्र्याची पेटी आणि एक शेळी घेऊन आले. शेळीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. आता ती पोर्चमध्ये मोटारसायकलशेजारी बांधलीय.

इथं तरी पाण्याचं काय मोठं लागून गेलंय. बोअर कोरडं पडलं. आमच्या सातारा गावाचा (तो जिल्ह्याचा सातारा नव्हे) हा सगळा भाग शहरात घेतला म्हणतात, नळ मात्र अजून आमच्या रो-हाउसपर्यंत आला नाही. बीड बायपासला रोज एक नवीन इमारत उठते. तिच्या पाटीवर हिरवळ आणि कारंजं, आणि पाटीखाली टँकरची रांग. आमच्या ओळीला टँकर एक दिवसाआड पहाटे येतो. भोंगा वाजवतो. कुणी पाइप धरायला आलं नाही तर पुढच्या घराला निघून जातो.

संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते तर साळूबाई (सासूबाईंचं नाव, इथं तेही लिहून टाकते) ओट्याजवळ येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई धावती गं तू. बस की जरा."

एवढा टोमणा पहिल्याच दिवशी.

२८ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या प्रमोदिनीताई बँकेतून रिटायर झाल्यात. काल गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं बरं असतं. मी देवघरात जाऊन बसले की कुणी हाक मारत नाही. मारायची प्राज्ञाच नसते. तुमच्यात देवघर नाही, म्हणून पंचाईत."

"पण तुम्ही आत बसून काय करता?"

"सोळा आणे खरं सांगू? अर्धा वेळ डुलक्या. पण त्या माझ्या डुलक्या असतात."

रात्रभर हे वाक्य डोक्यात राहिलं. प्रभूनं तर स्वतःच सांगून ठेवलंय, खोलीत जा, दार लावून घे. एवढी वर्षं मी हे संडे स्कूलच्या पोरांना शिकवतेय. मला कधी वाटलं नाही की त्यासाठी एक दार लागतं.

६ फेब्रुवारी, शनिवार

गच्चीवर जाणाऱ्या बाहेरच्या जिन्याखाली एक खोली आहे. खोली म्हणणं म्हणजे कौतुकच. छत पायऱ्यांबरोबर तिरकं उतरत जातं, मागच्या बाजूला बसलं तरी डोकं लागतं. आत मोडका कूलर, रिकामे रंगाचे डबे, नाताळचा कागदी तारा, तीन सुटकेस. आज अबीला सोबत घेऊन सगळं काढलं. कूलर भंगारवाल्याला दिला. फरशी पुसली, म्हणजे ओल्या फडक्यानं. पाणी टाकून धुवायचे दिवस नाहीत. एक सतरंजी टाकली.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून कडी आणली. आतून लावायची. दुकानदार म्हणाला, बाथरूमला का? मी व्हय म्हणाले. स्क्रू मीच पिळले. एक वाकडा गेलाय, पण कडी बसते.

शांतवनांनी पाहिलं. "आतून कशाला?"

"बाहेरून लावून काय उपयोग?"

त्यांना हे आवडलं नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. उपासकाळ सुरू. रात्री जेवताना शांतवन म्हणाले की ते चाळीस दिवस मटण सोडणार. योना मोबाइलवरचे खेळ सोडणार. अबी म्हणाली, मला दहावी आहे, मी आधीच सगळं सोडलंय.

मी म्हणाले, मी पहाटेचा चहा सोडणार.

"तू कुठं पितेस पहाटे," शांतवन म्हणाले.

"करणं सोडणार. पहाटे मी जिन्याखाली असेन. दार लागलेलं असेल. दार उघडेपर्यंत मी घरात नाही असं समजा. टँकर आला तर ज्याला जाग असेल त्यानं पाइप धरायचा."

साळूबाई ताटातली भाकरी कुस्करत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्या मुलाकडं, आणि परत भाकरीकडं.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिताना खोटं का लिहू. आत काहीच होत नाही.

बसते, डोळे मिटते, आणि गॅस बंद केला का ते आठवू लागतं. मग पेपर तपासायचे राहिलेत. मग नणंदेनं नाताळात काय म्हटलं होतं आणि मी काय उत्तर द्यायला हवं होतं. मग शेळी ओरडते. डोक्यावरून कुणीतरी गच्चीवर जातं, प्रत्येक पाऊल टाळूवर पडल्यासारखं ऐकू येतं. काल सरळ झोप लागली. उठले तर गालावर सतरंजीची नक्षी.

जालन्याचा तो कडुनिंब खरा होता का, की त्या वयात मला तसं वाटत होतं? आता असाही विचार येतो की तो तेव्हाही नसेल. मंडळीत हे बोलले तर माझ्यासाठी विशेष प्रार्थना ठेवतील, आणि तिचाही चहा मलाच करावा लागेल.

तरी उद्या जाणार. नाही आला तर नाही आला. मी आले होते हे त्याला कळू दे.

२४ फेब्रुवारी, बुधवार

साळूबाई पाळत ठेवतात. पहाटे मी आत गेले की थोड्या वेळानं बाहेर काठीचा आवाज येतो आणि त्या दाराला पाठ लावून खाली बसतात. खोकला दाबलेला कळतो. एकदा योना आला, "आज्जी, मम्मी आहे का आत," तर त्या काहीतरी पुटपुटल्या आणि त्याचे पाय परत गेले. बहुतेक तुझी आई आत झोपा काढतीय, असं सांगितलं असेल. मी दार उघडायच्या आधी त्या उठून शेळीकडं गेलेल्या असतात. पकडायला नको म्हणून.

आज शांतवनांनी शर्टाची बटणं लावता लावता, माझ्याकडं न बघता विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगतेस त्याला?"

"कुणाला?"

"आत. काय सांगत असशील ना काहीतरी."

थट्टा करायची त्यांची ही रीत मला ठाऊक आहे. मी म्हणाले, "तुमचं नावसुद्धा निघत नाही." ते डबा न घेताच कंपनीत गेले. वाळूजपर्यंत उपाशी. आता यालाही मीच जबाबदार.

५ मार्च, शनिवार

आजचं लिहून काढते.

पहाटे मी आत होते. आज पहिल्यांदा मन जरा गप्प झालं होतं. गॅस नाही, पेपर नाही, नणंद नाही. टँकर आल्याचा घरघराट ऐकला. भोंगा वाजला नाही, म्हणून मला वाटलं पुढच्या ओळीचा असेल. मग बाहेर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. मी उठले नाही. हे मी इथं लिहिते कारण ते खरं आहे. बादली असेल, असं मनाशी म्हणाले आणि डोळे मिटूनच राहिले. मग अबी किंचाळली.

साळूबाई पोर्चमध्ये हौदाच्या तोंडाशी पडल्या होत्या. टँकरचा पाइप त्यांनी एकटीनं धरला होता. पाण्याच्या जोरानं त्यानं झटका दिला, त्या घसरल्या. उजवा हात मनगटात मोडला. ड्रायव्हर नळ बंद करत होता, तोवर पाणी पोर्चभर. चेहरा पांढरा पडलेला, तरी मला बघून काय म्हणाल्या, "पाणी वाया गेलं गं."

शांतवन वरून बनियनवर धावत आले. दवाखान्यात प्लास्टर घातलं. सहा आठवडे. अबीचा सोमवारी पेपर आहे, ती रडतेय.

६ मार्च, रविवार

मंडळीत सगळ्यांना आम्ही पोचायच्या आधीच कळलं होतं. महिला मंडळाच्या बायका साळूबाईंचा हात बघत होत्या आणि मग माझ्याकडं. एक म्हणाली, "देवाची सेवा घरातून सुरू होते बाई." दुसरी म्हणाली, "आतून कडी होती म्हणे."

घरी आल्यावर शांतवनांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कडी उतरवली. वाकडा स्क्रू निघेना तर पकडीनं ओढला. दाराचा ढलपा निघाला.

"सचिवाच्या घरात म्हातारी आई पाइप धरते आणि बायको दार लावून बसते. लोक काय म्हणतील?"

"तुम्ही कुठं होतात?" मी विचारलं.

"मी सेकंड शिफ्ट करून झोपलो होतो."

"मी शाळा करून उठले होते."

ते म्हणाले, "तुझं हे चाललंय ती प्रार्थना नाही. हा ताठा आहे."

असेल. मला दोन्हींतला फरक ठरवता येत नाही. पण घरात चार धडधाकट माणसं होती आणि एकाच माणसाला विचारलं जातंय तू कुठं होतीस, एवढं मला दिसतं. आईंच्या हाताचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. बसले त्याचं वाटत नाही.

७ मार्च, सोमवार

कडी नाही. दार आहे. गेले. दार पुढं ओढून घेतलं, ते आपोआप चार बोटं उघडतं. त्या फटीतून शेळी बघते.

बसले.

१२ मार्च, शनिवार

टँकरच्या दिवशी आता मी पाइप धरते आणि मग आत जाते. पाणी भरून ओल्या साडीनंच बसते. योनाला सांगितलंय, बारा वर्षांचा आहेस, तुझा चहा तुला येतो. पहिल्या दिवशी त्यानं दूध उतू घालवलं. दुसऱ्या दिवशी साखर विसरला. आज बरा होता म्हणे.

साळूबाई प्लास्टरचा हात झोळीत घेऊन तशाच दाराबाहेर येऊन बसतात. हात मोडला तरी पाळत सुटली नाही.

२५ मार्च, उत्तम शुक्रवार

चर्चमध्ये तीन तासांची उपासना. सात जणांची भाषणं. प्रत्येकजण त्या वधस्तंभावरच्या शेवटच्या घटकांबद्दल माइकवर बोलला. तिथं त्या वेळी किती शांत झालं असेल, असं मला सारखं वाटत होतं.

१६ एप्रिल, शनिवार

लातूरला रेल्वेनं पाणी नेतायत. टीव्हीवर दुसरं काही नाही. मंडळीनं पावसासाठी घरोघर प्रार्थनासभा ठेवल्यात, आज आमच्याकडं होती. हॉलमध्ये माणूस माणसाला चिकटून बसलेला. पेटी, ढोलकी, छोटा स्पीकर. मी दुपारपासून पाणी भरून ठेवलं होतं, एक एक घोट सगळ्यांना पुरावा म्हणून.

दोन गाणी झाली. पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, "आता आपल्या रिबकाताई साक्ष देणार आहेत. प्रभूनं त्यांना या उपासकाळात नम्रतेचा जो धडा शिकवला, त्याविषयी."

मी शांतवनांकडं पाहिलं. ते पंख्याकडं बघत होते. म्हणजे दोघांत ठरलं होतं. मी सर्वांसमोर हाताची गोष्ट काढायची, चुकले म्हणायचं, डोळे पुसायचे. मंडळी आमेन म्हणणार आणि सचिवाचं घर पुन्हा नीट.

मी उठले. "साक्ष माझ्याकडं नाही," मी म्हणाले. "मी प्रार्थना करते."

डोळे मिटले. आणि गप्प राहिले.

आधी लोकांना वाटलं मी शब्द जमवतेय. कुणी हलक्यानं हालेलुया म्हणालं. पेटीवाल्यानं आधार म्हणून एक सूर धरला. तो सूर थोडा वेळ लोंबकळला आणि त्यानंच तो सोडून दिला. मग पंख्याचा आवाज. मग बायपासवरचे ट्रक. कुणीतरी जोरात आमेन म्हटलं, म्हणजे बाई बस आता. मी बसले नाही. प्रार्थनाबिर्थना काही सुचत नव्हती, एवढंच मनात होतं की मी आधी बोलणार नाही. हाही ताठाच. पण हळूहळू कुजबुज थांबली, चुळबुळ थांबली, आणि एवढ्या माणसांच्या त्या खोलीत मला कुणाचंही काही ऐकू येईना. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मंडळीत मला कुणी काही मागत नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "ताई—"

"तुमी बसा जरा, पाळकसाहेब."

साळूबाई. भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून बोलत होत्या.

"हात माजा मोडलाय, तर मी बोलते. टँकरवाल्याला मीच सांगितलं व्हतं, भोंगा वाजवू नको, माजी सून देवाशी बोलायली. रोज सांगायचे. पाइप बी मीच धरला, कुनी सांगितलं नव्हतं. नातवाला बी दारावरनं मीच हाकलायचे. मी वीस मानसांच्या घरात नांदले. सैपाक केला, शेन काढलं, पोरं काढली. जल्मात दार लावून बसले नाय. मला बघायचं व्हतं, बाई दार लावून बसली तर घर मोडतंय का."

त्यांनी झोळीतला हात जरा वर धरला.

"नाय मोडलं. हात मोडला, त्यो बी जुळायलाय. आता म्हना तुमचं गाणं."

पाळकसाहेब खाली बसले. बराच वेळ मान खाली घालून बसले, ते मला त्यांचं आवडलं. गाणं कुणी म्हटलं नाही. लोक हळूहळू उठले, जय ख्रिस्त म्हणून गेले. चहाचं पातेलं तसंच राहिलं.

१७ एप्रिल, रविवार

मला राग आलाय, आणि तो साळूबाईंवर आलाय. दीड महिना मी त्या हाताचं ओझं वाहिलं. एकदा तरी सांगायचं ना. सकाळी विचारलंच.

"सांगितलं असतं तर तू बाहेर आली असतीस," त्या म्हणाल्या. "मंग काय उपेग."

मी त्यांना वेणी घालत होते, त्यांना एका हातानं येत नाही. दोनदा वेणी उसवली आणि परत घातली.

१ मे, रविवार

नवीनच. शांतवन आज खुशीत घरी आले. पाळकसाहेबांशी बोलणं झालंय. मंडळीचा नवा उपक्रम, 'शांत समय'. दर बुधवारी, आमच्या घरी, महिला मंडळ. मी चालवायचा. फ्लेक्सचा नमुनासुद्धा मोबाइलवर होता. मधोमध दिवा, कोपऱ्यात माझा फोटो, जानेवारीतला, टाळ्यांच्या दिवशीचा.

"आता सगळ्यांना पटलंय तुझं," ते म्हणाले. "चहा साधाच ठेवू. बिस्किटं नकोत."

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे बिस्किटं?"

"उपक्रम नाही. फ्लेक्स नाही. ज्या बाईला बसायचंय तिनं तिच्या घरी बसावं, आणि तिच्या नवऱ्यानं पाइप धरावा. याचा फ्लेक्स लावा."

ते पलंगाच्या काठावर बसले. मला वाटलं भांडतील. पण म्हणाले, "मी तुझ्या बाजूनं काहीतरी करायला गेलो होतो, रिबा." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते मला रिबा म्हणायचे. मग मध्येच कधीतरी थांबलं. माणसाला काही हवं असलं की जुनी नावं आठवतात. मी नाहीच म्हणाले.

५ मे, गुरुवार

प्लास्टर कापल्यापासून साळूबाई रोज गावी जायचं म्हणत होत्या. उद्या निघणार. तिकडंही आता टँकर सुरू झालाय. मी म्हणाले, तिथं टँकर, इथं टँकर, मग राहा की. त्या म्हणाल्या, "तिथला डायवर वळखीचा हाय."

आज पहाटे मी आत बसले होते तर त्यांनी दार लोटलं. वाकून आत आल्या, जिन्याच्या तिरक्या छताला डोकं आपटलं, आई गं म्हणाल्या आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या.

"काय म्हनायचं असतंय?"

"काही नाही."

"मंग जमल."

बसलो. त्यांचा श्वास मोठा आहे, छातीत घरघरतो. प्लास्टरमध्ये सुकलेला हात त्या दुसऱ्या हातानं चोळत होत्या, मग तेही थांबलं. उजाडल्यावर मी डोळे उघडले तर त्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडं बघत होत्या.

"माज्या डोक्यात समदं चुलीचंच आलं," त्या म्हणाल्या.

"माझ्याही."

"रोज?"

"रोज."

त्या हसल्या. मी त्यांना एवढ्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मग उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाल्या, "येतो का त्यो?"

मी खरं सांगितलं. "ठाऊक नाही आई. मी येते."

१५ मे, रविवार

साळूबाई गेल्या, शेळीही गेली. पोर्च मोठा वाटतो. उन्हानं पहाटेही अंग भाजतं. पाऊस कुठंच नाही.

आज टँकर नव्हता. मी आत गेले, दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर चपला वाजल्या आणि थांबल्या. फटीतून लुंगी दिसली. शांतवन कितीतरी वेळ नुसते उभे होते.

"मी येऊ का?"

"इथं दोघांना जागा नाही." साळूबाई बसल्या होत्या, हे त्यांना ठाऊक आहे. तरी मी तेच म्हणाले. ही खोली मी कुणाला विचारून घेतली नव्हती, आणि कुणी विचारलं म्हणून देणार नाही.

"मग मी कुठं जाऊ?"

त्यांनी हे रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मंडळीत त्यांना कुठं बसायचं, कधी उठायचं, कुणाचे आभार मानायचे, सगळं पाठ आहे.

"गच्चीवर जा."

"तिथं जाऊन काय करू?"

"मला काय ठाऊक. मी इथं काय करते ते मला अजून कळलेलं नाही."

पावलं जिन्यावर चढली. माझ्या डोक्यावरून, एक एक पायरी. वर थोडी इकडून तिकडं फिरली. मग थांबली. टाकीचं झाकण बघत असतील असं वाटलं. पण झाकणाचा आवाज आला नाही. मी माझी बसून उठले, अंघोळ केली, अबीला उठवलं, तरी ते खाली आले नव्हते. योना म्हणाला, "पप्पा वर काय करायलेत?" मी त्याला म्हणाले, हाक मारू नको.

ऊन जिन्याच्या निम्म्यावर आलं तेव्हा उतरले. डोळे लाल. शेजारच्या बांधकामाची धूळ गेली, म्हणाले. रविवारी ते बांधकाम बंद असतं. तसं मी बोलले नाही. त्यांना तांब्याभर पाणी दिलं, डोळ्यांवर मारायला. पूर्ण तांब्या, या दिवसांत.

छावणीतल्या चर्चमध्ये पोचलो तेव्हा उपासना सुरू होऊन पहिलं गाणं संपलं होतं. सचिव उशिरा, सचिवाची बायको उशिरा, पोरांचे केस विंचरलेले नाहीत. सगळ्या बाकांनी माना वळवून पाहिलं. शांतवन दारातच जरा घुटमळले.

"पाहू दे," मी म्हणाले, आणि आम्ही आत गेलो.